आजीतला ज

आमच्या घरात भूतखेत चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी ऊर्जानगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नवरा संघपाल वीज केंद्रात टर्बाइनवर आहे. सासरे बापूराव मास्तर आता नाहीत, पण त्यांनी भामरागडकडच्या शाळांत उभी हयात घालवली आणि पोरांच्या डोक्यातली भुतं पाढ्यांच्याही आधी उतरवली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. नजर, करणी, बाहेरचं, यातलं काहीही आमचा उंबरठा ओलांडत नाही. एवढं असूनही गेल्या ऑक्टोबरात पर्लकोटा नदीच्या काठावर मी जे ऐकलं ते ऐकलं.

सुरुवात झाली माझ्या मुलीच्या टाळूपासून.

मैत्री अकरा वर्षांची. लहानपणापासून ती तोंड उघडं टाकून झोपायची आणि रिटायर झालेल्या फोरमनसारखी घोरायची. आम्ही हसायचो. मग ती वर्गात पेंगायला लागली. झोपेत तिचा श्वास मध्येच अडकायचा आणि ती घसा कोरडा पडून दचकून उठायची, तेव्हा आमचं हसू थांबलं. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी तिचं तोंड तपासून सांगितलं की वरचा जबडा अरुंद आहे, त्यामुळे नाकाची वाटही चिंचोळी झाली आहे. टाळू रुंद करायला हवा, आणि हाड कोवळं आहे तोवरच ते जमतं. मोठेपणी शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. मी तिथेच हो म्हणाले. मुलीच्या श्वासाचा प्रश्न, त्यात विचार काय करायचा?

त्या यंत्राला एक्स्पांडर म्हणतात. टाळूवर बसणारा धातूचा सांगाडा, दोन्हीकडच्या दाढांना कड्यांनी पक्का केलेला, मधोमध बारीक स्क्रू. स्क्रूच्या भोकात तारेची छोटी चावी घालायची आणि समोरून घशाकडे ढकलायची. दिवसातून एकदा. स्क्रू केसभर उघडतो आणि टाळूची दोन हाडं केसभर दूर होतात. पुढे काय काय होईल ते डॉक्टरांनी नीट सांगितलं. लाळ गळेल, गिळताना अडेल, भाताची शितं वर अडकून बसतील, ती पिचकारीने धुवायची. चावी फिरवल्यावर नाकाच्या मुळाशी दाब येईल आणि ओसरेल. बोलणं बोबडं होईल. काही दिवसांनी समोरच्या दोन दातांत फट पडेल. घाबरू नका, म्हणाले, फट पडली म्हणजे काम होतंय. पुरेसं रुंद झालं की चावी थांबवायची. मग फट आपोआप बुजते आणि जीभही सरावते. यंत्र मात्र हाड भरून येईपर्यंत काही महिने तसंच ठेवायचं.

सासूबाई सोबत आल्या होत्या. त्यांचं नाव कमला. संघपाल त्यांना माय म्हणतो, म्हणून मीही माय म्हणते. मैत्री आजी म्हणते. मायने सगळं मन लावून ऐकलं, चावी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि घरी आल्या आल्या शेजारणीला सांगून टाकलं, की पोरीच्या तोंडाले कुलूप लावून आणलं.

मायची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्यांना हाक मारायची तर तीनदा. पहिल्या दोन हाकांना ढिम्म, तिसरीला ओ. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कमी ऐकू येतं. मग वाटलं, नवी सून म्हणून खेळवतात. कान तपासून आणले, तर कान माझ्यापेक्षा तिखट. शेवटी संघपालने सांगितलं की ही रानातली रीत. रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, कोण बोलावतंय कोणास ठाऊक. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावेल. सगळ्या तालुक्याची भुतं उतरवणाऱ्या बापूराव मास्तरांना बायकोची ही एक सवय मोडता आली नव्हती. मी तर नादच सोडला. चहा झाला की मी एका दमात "माय, माय, माय" म्हणून मोकळी होते.

चावी फिरवायचं काम माझ्याकडे आलं. संघपालने पहिल्या दिवशी करून पाहिलं, पण टर्बाइनचे बोल्ट कसणारा हा माणूस पोरीच्या तोंडात तार घालताना घामाघूम झाला. रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी मैत्री खाटेवर डोकं मागे टाकायची, मी चावी फिरवायचे आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकवून द्यायचे. पहिले काही दिवस डॉक्टरांनी सांगितलं तसेच गेले. पातळ खिचडी, अंबील, उशीवर लाळेचे डाग. बोलायला लागली की शब्दांचा नुसता लगदा. कॉलनीतली पोरं तिच्या मागे बोबडं बोलत फिरायची, आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी माझी मुलगी गप्प राहायला लागली.

सगळ्यात वाईट अडला तो ज. तुम्ही आत्ता 'आजी' म्हणून पाहा. ज म्हणताना जीभ वर जाऊन टाळूला टेकते, म्हणून तर व्याकरणात त्याला तालव्य म्हणतात. मैत्रीच्या टाळूवर धातू बसलेला. जीभ वर जायची, धातूला लागायची आणि बिचकून मागे यायची. जेवणाचं येवण झालं, जिऱ्याचं यिरं झालं. आणि आजीमधला ज गेला की जे उरतं ते उरलं.

रविवारची दुपार होती. माय बाल्कनीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आत कपड्यांवरची वीज केंद्राच्या चिमणीची राख झटकत होते. मैत्रीने खोलीतून हाक मारली.

"आई."

"ओ," माय म्हणाल्या.

माझा हात तसाच राहिला. मैत्री मला मम्मी म्हणते. त्या घरात आई कुणीच कुणाला म्हणत नव्हतं. आणि पहिल्या हाकेला ओ! मी बाल्कनीत डोकावले. सूप खाली ठेवून माय दाराकडे पाहत बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला भीती वाटली. मी स्वतःला समजावलं, की बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काय.

पुढे फट पडली. समोरच्या दोन दातांमध्ये आधी दोऱ्याएवढी, मग चांगली काडी जाईल एवढी. मी खूश होते, काम होत होतं. मायने मैत्रीची हनुवटी धरून तिला उजेडात नेलं, ओठ वर करून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "उत्पला."

संघपाल बूट घालत होता, तो बूट हातात धरूनच बसला. उत्पला त्याची मोठी बहीण. तो जन्मला त्याच पावसाळ्यात ती भामरागडला वारली, साधारण मैत्रीच्याच वयाची. आमच्या घरात तिचं नाव कुणी काढत नाही. मलाही ते लग्नात एका मावसआजीकडून कळलं होतं. मी संघपालला विचारलं, तिच्या दातात अशी फट होती का. मले काय माहीत, तो म्हणाला. फोटो असता तर पाहिला असता, पण घरातली पेटी कुठल्याशा पुरात गेलेली. तो चेहरा जगात एकाच माणसाच्या डोळ्यांत शिल्लक होता, आणि त्या माणसाला तो आता माझ्या मुलीच्या तोंडावर दिसत होता. खरं की खोटं, ताडून पाहायला काहीच नव्हतं.

त्यानंतर घर माझं राहिलं नाही. शाळेतून यायचे, तर दार उघडायच्या आधी आतून ऐकू यायचं. आई. ओ. आई. ओ. दोघींचा काही खेळ चालल्यासारखं. बाहेर गप्प राहणारी मैत्री आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तासन्‌तास बोबडं बोलायची. तिला भलतंच काही माहीत व्हायला लागलं. उत्पला वर्गातल्या पोरींशी गोंडी बोलायची. तिला पोहता यायचं. ती भातात ताक कालवून खायची आणि वाटी पालथी घालून ठेवायची. एका दुपारी आमच्या ओट्यावर वाटी पालथी घातलेली दिसली आणि मी ती रागाने सुलटी केली. मला राग येत होता, मत्सर वाटत होता, आणि भीतीही वाटत होती. माझ्या मुलीच्या तोंडात दुसऱ्या कुणाची मुलगी येऊन बसली आहे असं वाटायचं, आणि असं वाटतंय याची मला, विज्ञानाच्या मास्तरणीला, लाज वाटायची.

मग मैत्रीचं डोकं दुखायला लागलं. नुसता दाब नाही. ती डोळे मिटून भिंतीला कपाळ लावून बसायची. एका सकाळी नाकातून रक्त आलं. मी शाळेला सुट्टी टाकली आणि तिला घेऊन थेट चंद्रपूर गाठलं.

डॉक्टरांनी तोंडात पाहिलं, मोजलं, पुन्हा मोजलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. स्क्रू ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त उघडला होता. त्यांनी मैत्रीला विचारलं, की बेटा, चावी कोण फिरवतं?

"थकाळी मम्मी," मैत्री म्हणाली. मग थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "दुपारी आई."

डॉक्टर माझ्यावर भडकले. शिकलेल्या बाईने असं करावं? लवकर आटपायची घाई? कोवळ्या हाडावर एवढा जोर दिला तर दाढा कलंडतात, मुलीचं नुकसान होतं, कळतं का तुम्हाला? मी ऐकून घेतलं. त्यांना वाटलं, मम्मी मीच आणि आईही मीच. ज कुठे गेला ते मला एकटीला ठाऊक होतं. 'आई' कोण ते त्या दवाखान्यात कसं सांगायचं? मी एवढंच विचारलं, की नुकसान झालंय का. थोडक्यात वाचली, ते म्हणाले, आणि त्यांनी स्क्रूवर दातांत भरतात तो मसाला भरून तो कायमचा बंद केला. आता चावी नको. फट बुजू लागेल.

घरी आल्यावर मी खिळ्यावरची चावी काढून मायसमोर ठेवली. संघपाल ड्यूटीवरून नुकताच आला होता, दारातच उभा राहिला. मी विचारलं, माय, काऊन?

मायने चावीकडे पाहिलं. खोटं बोलल्या नाहीत.

"डॉक्टर बोलला होता ना, फिरवणं थांबलं की फट बुजते," त्या म्हणाल्या. "फट बुजली की थे माही पोरगी चालली जाईन."

मग त्यांनी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

संघपालच्या वेळी त्या बाळंतपणाला अहेरीला गेल्या होत्या. उत्पला बापाजवळ भामरागडला राहिली. बाळाला घेऊन परत निघाल्या, तर पर्लकोटेचा पूल पाण्याखाली. अलीकडच्या काठावर त्या, पलीकडे गाव. तिन्हीसांजेला पलीकडे कंदील दिसला. बापूराव मास्तरांनी उत्पलाला खाटेवर घालून काठाशी आणलं होतं. ताप डोक्यात गेला होता, डोंगा निघाला तर तिला अलीकडे आणून पुढे दवाखान्यात न्यायचं होतं. डोंगा निघाला नाही. पाण्यावरून हाक आली, आई. मास्तरांच्या लेकीने बापाचं ऐकून पुस्तकातलं आई उचललं होतं. पुढे संघपाल गावातल्या पोरांसारखं माय म्हणायला शिकला.

हाक ऐकताच ओ तोंडात आली. पण काठावरच्या म्हाताऱ्यांनी मायचं मनगट धरलं. ओली बाळंतीण आहेस, कडेवर लेकरू आहे, तिन्हीसांज आहे, पाण्यावरच्या हाकेला ओ देऊ नको; तिसरी येऊ दे. दुसरी हाक आली. मायने बाळ छातीशी दाबलं आणि तोंड मिटून ठेवलं.

"दोनदा बोलावलं तिनं मले," माय म्हणाल्या. "तिसरी आलीच नाई. पाणी उतरलं तवा सगळं आटपलं होतं." मग बराच वेळ त्या चावी बोटांनी सरळ करत राहिल्या. "तिले वाटलं असन, आई आलीच नाई."

दारात संघपाल उभा होता, तेच कडेवरचं लेकरू, कंपनीच्या गणवेशात. तो आत आला नाही, बाहेरही गेला नाही.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीच्या हाडांशी खेळ झाला होता. मी मायला सांगितलं, की पुन्हा चावीला हात लावायचा नाही. "नाई लावत," त्या म्हणाल्या. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडले.

पावसाळाभर फट बुजत गेली. मैत्रीची डोकेदुखी थांबली, आणि ती तोंड मिटून झोपायला लागली. घोरणं बंद झालं तर मीच सुरुवातीला दचकून उठायचे आणि तिच्या नाकाशी बोट धरून पाहायचे. श्वास आरामात चालू असायचा. जीभही सरावली. आधी जेवण आलं, मग जिरं, आणि एका संध्याकाळी ती खेळून आली आणि दारातूनच ओरडली, "आजी!" असा खणखणीत ज, की मला टाळी वाजवावीशी वाटली.

माय काही बोलल्या नाहीत. मैत्रीने परत हाक मारली, परत काही नाही. तिसऱ्या हाकेला ओ आली, जुनी, थकलेली. मैत्री माझ्यापाशी येऊन म्हणाली, आजीला मी आता आवडत नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम ज गिळून आई म्हणून पाहिलं. मायने तिला जवळ घेतलं आणि केसांवरून हात फिरवत सांगितलं की बाई, खोटी हाक मारू नको, तू आपली आजीच म्हण. त्या दिवसांत माय जेवायला बसायच्या आणि अर्ध्यावरून उठायच्या. काही दिवसांनी त्यांनी संघपालला एकच मागितलं, की मले एकदा तिथी, पर्लकोटेवर ने.

ऑक्टोबरात रस्ता सुरू झाल्यावर आम्ही गेलो. आलापल्लीच्या पुढे रान दाट झालं तशा माय काचेला नाक लावून बसल्या. पर्लकोटेला पाणी अजून भरपूर होतं, आवाज तर गाडीच्या काचा बंद असतानाही येत होता. नव्या पुलाचं काम चाललं होतं, आम्ही जुन्या ठेंगण्या पुलाशी थांबलो. माय अलीकडेच उतरल्या. पलीकडे यायला तयार होईनात. त्यांनी मैत्रीला सांगितलं, की तू बाबासोबत त्या काठावर जा आणि तिकडून मले हाक मार. तुहीच हाक, आजी म्हणून.

भर दुपार होती, लख्ख ऊन. मायचा दंड धरून मी काठावर उभी राहिले. बापलेक पूल ओलांडून पलीकडच्या वाळूत उतरले. मैत्रीचा पिवळा टीशर्ट दिसत होता. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"आजी!"

पाण्यावरूनही ज स्वच्छ आला. माय गप्प.

"आजी!"

माय गप्प. ओठ हलले आणि मिटले. मी मनात म्हटलं, द्या ना आता ओ, माय, दिवसाढवळ्या नात बोलावते आहे. आणि तेवढ्यात तिसरी आली.

"आई."

"ओ!" माय ओरडल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो म्हातारीचा नव्हताच. "ओ, बाई! हाओ मी इथी! हाओ ना!" मग त्या हळूहळू खाली वाळूत बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या, मोकळ्या, लहान पोरीसारख्या.

मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते आणि मनातून मैत्रीवर चिडले होते. नको म्हटलं होतं तरी कार्टीने शेवटी खोटी हाक मारलीच. ती दोघं परत आली तशी मी तिला बाजूला घेऊन झापलं. आजीने काय सांगितलं होतं? आजीच म्हण, असं सांगितलं होतं ना?

"मी आजीच म्हटलं," मैत्री गोंधळून म्हणाली.

मी विचारलं, आणि तिसऱ्यांदा?

"तिसऱ्यांदा मारलीच नाही, मम्मी. मी श्वास घेत होते, तेवढ्यात आजीनं ओ दिली."

मी संघपालकडे पाहिलं. तो पूर्ण वेळ तिच्या शेजारी उभा होता. तो नदीकडे पाहत होता.

"दोनदाच," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर माय मैत्रीच्या खांद्यावर डोकं ठेवून आष्टी येईपर्यंत गाढ झोपल्या. मैत्रीचं यंत्र पुढे डिसेंबरात निघालं. तिच्या दातांत आता फट नाही, बोलण्यात बोबडेपणा नाही. शाळेत मी अजूनही ध्वनी हा धडा शिकवते आणि पोरांना सांगते, की आवाजाला उगम लागतो.

माय आता पहिल्याच हाकेला ओ देतात. कुणाचीही असो. माझी जीभच अजून सरावलेली नाही. चहा झाला की मी सवयीने तीन हाकांचा श्वास घेते, "माय" म्हणते, आतून लगेच ओ येते, आणि उरलेल्या दोन हाका माझ्या तोंडातच राहतात.